साक्ष नाही

मला कुणी काही आपणहून दिलं की मी ते आधी उलटं करून बघते. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "शेटेबाई, शब्दकोशाच्या कामातले तुमचे अनुभव लिहा, हलकंफुलकं चालेल," तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की कुणीतरी लिहायचं कबूल करून आयत्या वेळी हात वर केलेले दिसतात. विचारल्यावर तसंच निघालं. संपादक ओशाळले. तरी मी हो म्हटलं, कारण मला एक गोष्ट लिहायचीच होती. ती हलकीफुलकी मात्र नाही.

संशय हा आमच्या घरचा धंदा. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीत गुळाचे अडते. ढेप बाहेरून कितीही पिवळीजर्द दिसो, अप्पा तिच्यात सुरी खुपसून आतला गूळ काढत, दोन बोटांत चुरगाळत, जिभेवर ठेवत आणि मगच तोंड उघडत. शेतकरी म्हणायचा, "अप्पा, वरनं दिसतंय की सगळं." अप्पा म्हणायचे, "वरनं बघून सोयरीक करावी, गूळ नव्हं." मी त्यांची थोरली लेक. माझ्या वाट्याला गुळाऐवजी शब्द आले, सुरी तीच राहिली.

एकतीस वर्षं मी इथंच, कोल्हापुरात, एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत काढली. कसबा बावड्याच्या रस्त्याला एका माडीवर तीन खोल्या. उसाचं गाळप सुरू झालं की साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत यायचा, आणि आठवड्याभरात तो येतोय हेही कळेनासं व्हायचं. नातेवाईक विचारत, "इतकी वर्षं बसून करतेस तरी काय?" लोकांना वाटतं, कोणीतरी विद्वान डोळे मिटून डोक्यातून शब्दकोश लिहून काढतो. तसं नसतं. एक शब्द, एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, त्याखाली शब्द कुठं सापडला ते. डाव्या कोपऱ्यात चिठ्ठी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची. उजवा कोपरा माझा. या चिठ्ठ्या आम्ही चपलांच्या खोक्यांत उभ्या लावून ठेवत असू. कोल्हापुरात आणखी कशाला तोटा पडेल, चपलांच्या खोक्यांना पडणार नाही.

नियम एकच होता आणि तो मीच लावून धरला होता. शब्दाला दोन साक्षी हव्यात. दोन वेगवेगळ्या छापील पुस्तकांत तो सापडला पाहिजे, आणि त्या पुस्तकांना नाव, गाव, साल पाहिजे. नसेल तर मी लाल शाईनं चिठ्ठीवर लिहायची, 'साक्ष नाही'. अशी चिठ्ठी कोपऱ्यातल्या एका मोठ्या खोक्यात जायची. त्या खोक्याला आम्ही पांजरपोळ म्हणत असू. भाकड गाईला तिथं कुणी मारत नाही आणि तिच्याकडून कुणाला दूधही नको असतं, त्या शब्दांचं तसंच होतं. आमचे शिपाई दगडूमामा त्या खोक्यावरची धूळ झटकताना म्हणायचे, "बाई, तुमाला पोलिसात घ्याला पायजे हुतं." मला त्यात टोमणा कधी दिसला नाही.

आमचे मुख्य संपादक भाऊसाहेब. संस्था त्यांचीच. त्यांच्या मनानं घेतलं, की कोशाच्या शेवटी जुन्या आणि दुर्मिळ इंग्रजी शब्दांचा एक मोठा भाग असावा. जे शब्द आता साहेबसुद्धा विसरला, ते. मी विचारलं, "भाऊसाहेब, हे कोण बघणार?" ते म्हणाले, "बघू दे न बघू दे. पुण्याच्या कोशात जे न्हाय ते आपल्यात पायजे." कोल्हापूरच्या माणसाला यापुढं कारण लागत नाही. त्यांनी बाहेरच्या अभ्यासू लोकांना चिठ्ठ्या लिहायला बोलावलं आणि जाहीर केलं, की ज्याच्या पाचशे चिठ्ठ्या मंजूर होतील, त्याचं नाव सहसंपादक म्हणून कोशाच्या पहिल्या पानावर येईल.

जाहिरात म्हणून आम्ही दर रविवारी एका स्थानिक पेपरात असे तीन शब्द देत असू. एकदा त्यात 'क्वॉकरवॉजर' हा शब्द गेला. अर्थ: दोरीनं नाचवायची लाकडी बाहुली, त्यावरून, दुसऱ्याच्या हातात दोरी असलेला पुढारी. सोमवारी सकाळी पांढऱ्या कपड्यातला एक आडदांड माणूस पेपर हातात घेऊन माडी चढून आला.

"हे कुणी लिवलंय?"

"तपासलंय मी. काय झालं?"

"हे आमच्या अण्णांवर हाय."

मी त्याला समजावलं, की शब्द विलायतेतला आहे, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा, तुमच्या अण्णांच्या आजोबांचाही तेव्हा पत्ता नसेल.

"आसू दे की. पर दोरी कुणाच्या हातात हाय, ते काय गावाला म्हाईत न्हाय व्हय?"

"आम्हाला नाही माहीत. कुणाच्या आहे?"

त्यानं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि आपण काय करायला निघालोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. दगडूमामांनी आणलेला चहा न घेताच तो उतरून गेला. असल्या माणसांची मला भीती वाटली नाही. शब्दाला साक्ष होती, मी निवांत होते.

दुसरे एक गृहस्थ यायचे ते इनामदार साहेब. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते आले की भाऊसाहेब उठून उभे राहत आणि चहा कपबशीतून येई. साहेबांनी एक यादी आणली होती, स्वतःच्या अक्षरात, नऊ शब्दांची. शब्द कुठं सापडले ते लिहिलेलं नव्हतं. "आमच्या वाचनात आलेले," एवढंच म्हणाले. त्यातला एक शब्द होता 'ग्रॅम्पोलियर', म्हणजे हत्तीच्या अंबारीची गादी शिवणारा कारागीर. मी मनात म्हटलं, संस्थानी गावातला माणूस, हत्ती-घोड्यांतलं यांना ठाऊक असणारच. नऊही चिठ्ठ्यांच्या उजव्या कोपऱ्यात मी माझी आद्याक्षरं टाकली. त्या दिवशी सुरी घरी राहिली होती.

आता कांबळे सर. ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

सर मुरगूडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरून यायचे, दुपारी अडीचच्या सुमाराला माडी चढायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आठवड्याच्या चिठ्ठ्या, दोऱ्यानं बांधलेल्या. अक्षर छापल्यासारखं. बोलणंही छापल्यासारखं, कचेरीत त्यांच्या तोंडून 'न्हाय' किंवा 'व्हय' मी कधी ऐकलं नाही. इतकं नेटकं बोलणाऱ्याचाही मला संशय यायचा. एकदा चहा पिताना त्यांनी आपण होऊन सांगितलं, की त्यांचे वडील एका इंग्रज इंजिनिअरच्या बंगल्यावर नोकर होते. पुस्तकं पुसायचं काम त्यांच्याकडे. साहेब देश सोडून जाताना त्यांना म्हणाला, तुला हवं ते घे. बाकीच्या नोकरांनी घड्याळ घेतलं, खुर्ची घेतली. यांनी सगळ्यांत जाड पुस्तक उचललं. तो एक जुना इंग्रजी शब्दकोश होता, पुठ्ठा गेलेला, पुढची पानं गेलेली. वडिलांना वाचता येत नव्हतं. सरांनी इंग्रजी शिकायला सुरुवात केली ती त्या पुस्तकावरून.

"वडील आहेत अजून," सर म्हणाले. "नव्वदीला आलेत. मी त्यांना सही शिकवली तेव्हा माझं नाव वाचायलाही शिकवलं. तेवढं ओळखतात. कोशाच्या पहिल्या पानावर ते नाव त्यांना दाखवायचं आहे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, माणूस उगाच आपली गोष्ट सांगत नाही, याच्या चिठ्ठ्या आता जास्त बारकाईनं बघायला हव्यात.

आणि बघायला लागले तसा संशय वाढत गेला. सरांच्या बहुतेक चिठ्ठ्या चोख. पण अधूनमधून असा शब्द यायचा, जो आमच्या कचेरीतल्या चारही मोठ्या इंग्रजी कोशांत नाही, आणि साक्षीच्या जागी लिहिलेलं, 'घरचा जुना कोश'. 'कॉकशट': कोंबड्या खुराड्यात कोंडायची वेळ, तिन्हीसांजा. 'स्नज': डोक्यात फार कामं असल्यासारखं मान खाली घालून चालणे. 'बेलीटिंबर': पोटाला आधार देणारं ते, अन्न. वाचताना मला हसू यायचं, आणि मला हसू आलं की मी सावध होते. खरे शब्द एवढे कामाचे नसतात. आमच्या माडीखालून जाणारा प्रत्येक कारकून स्नज करत जायचा. मला वाटायला लागलं, हा माणूस मुरगूडला बसून आपल्या आळीतली माणसं बघतो आणि त्यांना इंग्रजी नावं ठेवतो. अशा चाळीसेक चिठ्ठ्यांवर मी लाल शाईनं 'साक्ष नाही' लिहिलं आणि त्या पांजरपोळात टाकल्या. सर दर शनिवारी विचारायचे, "बाई, किती झाल्या?" मी मंजूर आकडा सांगायची. नामंजूर चिठ्ठ्यांबद्दल ते कधी वाद घालत नसत. त्याचाही मला संशय यायचा. खरा असता तर भांडला असता.

कोशाच्या धंद्यात एक जुनी चाल आहे. काही कोशकार आपल्या कोशात मुद्दाम एखादा खोटा शब्द पेरतात. दुसरा कुणी आपला कोश चोरून छापू लागला, तर तो खोटा शब्दही उचलतो आणि त्यातून सापडतो. मी ठरवलं, हीच चाल माणसावर करून बघायची.

एक शब्द मी स्वतः रचला. फाजील शब्द डोक्यात होता, त्याला साहेबी टोपी घातली. आमचे हे कोर्टात कारकून, त्यामुळं 'जज'चं इंग्रजी स्पेलिंग हाताशी. त्या वळणानं, मधे 'डी' घालून, इंग्रजीत लिहिला: 'फजेल'. चारही कोशांत शोधला. कुठं नाही. मग कोऱ्या चिठ्ठीवर माझ्या हातानं तो शब्द लिहिला, अर्थाची जागा मोकळी सोडली आणि 'अर्थ हवा' म्हणून टाइप केलेल्या चिठ्ठ्यांचा जो गठ्ठा दर शनिवारी सरांकडे जायचा, त्यात मधोमध घातला. खरा माणूस असेल तर चिठ्ठी कोरी परत येईल. लबाड असेल तर भरून येईल.

भरून आली. 'फजेल: काही काम करत असल्याचा देखावा करणे, निष्पन्न काही नाही. घरचा जुना कोश.' डाव्या कोपऱ्यात सरांची आद्याक्षरं.

मला राग आला. तो अर्थ मला माझ्यावरच मारलेला वाटला. दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या चिठ्ठ्या लाल करणारी बाई, काम करत असल्याचा देखावा करणारी. चोर तो चोर, वर शिरजोर. चिठ्ठी घेऊन मी तडक भाऊसाहेबांच्या खोलीत गेले. सर बाहेरच बसले होते. भाऊसाहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"सर, हा शब्द शेटेबाईंनी स्वतः तयार केलाय," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्हाला त्याचा अर्थ कुठं मिळाला?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "शब्द पुस्तकात आहे. सोमवारी रजा टाकून पुस्तक घेऊन येतो."

सोमवारी ते पुस्तक घेऊन आले. जुन्या धोतराच्या धुवट कापडात बांधलेलं गाठोडं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

"याला पुढचं पान नाही?" मी विचारलं.

"नाही."

"नाव, गाव, साल?"

"नाही. पण उघडून तरी बघा, बाई."

"मग ते साक्षीला चालत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. कापड पुस्तकावरून अर्धं सरकलेलं होतं आणि मळकट पानांच्या कडा दिसत होत्या. माझा हात टेबलावरच होता, पुस्तकापासून वीतभर अंतरावर. तो मी पुढं केला नाही.

सरांनी गाठ परत बांधली. तोवर त्यांच्या चारशे ऐंशीच्या वर चिठ्ठ्या मंजूर झाल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, यापुढं आम्हाला चिठ्ठ्या पाठवू नका. सर म्हणाले, "बरं. झालेल्या मंजूर चिठ्ठ्या मात्र ठेवा. त्यात शब्दांचा काय दोष?" आणि गेले. दगडूमामांनी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा तसाच राहिला. कोश वर्षभरानं छापून झाला. सरांच्या चिठ्ठ्या त्यात आहेत, नाव नाही. इनामदार साहेबांचं नाव सल्लागार म्हणून पहिल्या पानावर आहे.

पुढं मी ही हकिगत मोठ्या फुशारकीनं सांगत असे. खोटा शब्द रचून मी चोर कसा पकडला. लग्नकार्यात सांगितली, सत्काराच्या भाषणात सांगितली. लोक टाळ्या वाजवायचे. मी वीसेक वर्षं त्या टाळ्या घेतल्या.

भाऊसाहेब गेले. मी निवृत्त झाले. संस्था आता त्यांची लेक वैशालीताई बघते. मागच्या हिवाळ्यात तिनं मला बोलावलं. कोश मोबाइलवर आणायचा होता, आणि त्यासाठी पांजरपोळातल्या चिठ्ठ्याही एकदा तपासून टाकून द्यायच्या होत्या. ती संगणक उघडून बसली, मी खोक्यातून एकेक चिठ्ठी काढून शब्द सांगायला लागले.

"कॉकशट," मी म्हटलं.

"आहे, काकी," ती म्हणाली.

"कुठं आहे?"

"इथं. तिन्हीसांजाच लिहिलंय. कोंबड्यांचं पण आहे."

'स्नज' निघाला. 'बेलीटिंबर' निघाला. सरांची एकेक चिठ्ठी मी काढत होते आणि ती 'आहे' म्हणत होती. मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. चष्मा पुसून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मग 'फजेल'ची चिठ्ठी हाताला लागली. तिच्यावर मी लाल शाईत 'बनावट' लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. तो शब्द वैशालीताईला मी सांगितला नाही, स्पेलिंगच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून दाखवलं. तिनं टाइप केलं. शब्द आला. अर्थ आला. काहीतरी करत असल्याचा देखावा करणे, निष्फळ. तीनशे वर्षांपूर्वीचा शब्द.

मी रचलेला शब्द आधीच होता. माझ्या चार कोशांत नव्हता, म्हणून जगात नव्हता असं मी धरून चालले होते. सरांनी फक्त त्याचा अर्थ लिहिला होता.

वैशालीताई म्हणाली, "काकी, पाणी देऊ?" मी म्हटलं, आधी तो अंबारीवाला शब्द बघ. 'ग्रॅम्पोलियर' तिनं पाच-सहा ठिकाणी शोधला. कुठंच नव्हता. तो आमच्या कोशात आजही छापलेला आहे, माझ्या सहीनं.

तरी माझी खोड जाईना. संगणकावर काय, कुणीही काहीही लिहितं. ती एकच साक्ष झाली. दुसरी हवी. दुसरी कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. चार दिवस मी तो विचार टाळला. पाचव्या दिवशी चिठ्ठी पर्समध्ये घालून मुरगूडच्या एसटीत बसले.

सरांचं घर विचारत विचारत गेले. दुपारचे बारा झाले असतील. सर पडवीत खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. केस सगळे पांढरे. मला ओळखलं, पण उठले नाहीत.

"कोण पाठवलं तुमाला?" ते म्हणाले. त्यांचं घरचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुणी नाही. मीच आले."

"एकट्याच? आन् काम काय?"

मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती हातात न घेता लांबूनच वाचली, 'बनावट' शब्दासकट. मग आत गेले. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखालच्या फळीवरून त्यांनी गाठोडं काढलं. कापड बदललं होतं, पुस्तक तेच. माझ्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि पूर्वीसारखेच दोन पावलं मागं सरकले.

"उघडा. मी न्हाय उघडणार."

मी उघडलं. पहिल्याच पानावर मला कळायचं ते कळलं. त्या छपाईत 'एस'च्या जागी 'एफ'सारखं दिसणारं लांबट अक्षर होतं. ही पद्धत इंग्रजी छपाईतून दोनशे वर्षांपूर्वीच गेली, हे माझ्या धंद्यातलं पहिलीच्या इयत्तेतलं ज्ञान. पुढचं पान नसलं म्हणून काय झालं, प्रत्येक पान आपलं वय सांगत होतं. त्या सोमवारी मी एक पान उलटलं असतं तरी पुरलं असतं. अप्पांच्या लेकीनं ढेप न फोडताच भाव केला होता.

'एफ'ची पानं काढली. शब्द होता.

"सर, तुम्ही तेव्हा भांडला का नाही?"

ते खुर्चीत बसले. "ती चिठ्ठी तुमच्या हातची हुती. बाकीच्या सगळ्या टाइपातल्या. मला वाटलं, बाईंनी निवडून माझ्यासाठी म्हणून घातलीय. आमच्याच पुस्तकातला शब्द बाईंना ठावा हाय, म्हंजे बाईंना कुठंतरी दुसरी साक्ष घावली. घरी येऊन वडलांना सांगितलं बी तसं. म्हातारा लई खूश. म्हणाला, आता आपलं पुस्तक साक्षीला हुबं ऱ्हाईल." त्यांनी पेपरची घडी घातली. "मग शनवारी तुमी मला आत बलावलं."

वडील कोश छापून होण्याआधीच गेले होते. पहिल्या पानावर नाव नाही हे त्यांना बघावं लागलं नाही, असं सर म्हणाले. ते माझ्या समाधानासाठी म्हणाले की मला लागावं म्हणून, ते मला कळलं नाही.

एक गोष्ट मला बोलायचीच होती. "सर, मी मनात काही धरून ते पुस्तक टाळलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. नियम तो नियम. पण हेच पुस्तक इनामदारांनी आणलं असतं, तर मी उघडलं असतं."

"व्हय," सर म्हणाले. "ते मला तवाच कळलं हुतं. तुमाला आत्ता कळलं."

आयुष्यभर मी जगातल्या प्रत्येक माणसाचा संशय घेतला, एकीला सोडून. मी रडले नाही, रडायचा हक्क माझा नव्हता. "माझं चुकलं, सर," एवढं म्हटलं. आणि वैशालीताई नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर आणि मोबाइलवरच्या कोशातही त्यांचं नाव घालायला तयार आहे, तेही सांगितलं.

"नाव घाला," ते म्हणाले. "वाचणारा गेला, पर घाला. आन् चुकलं म्हणताय, ते हितं आपण दोघंच हाय. एका साक्षीवर कसं धरायचं? दोन लागत्यात. तुमचाच नेम हाय की."

म्हणून हा लेख. एक साक्ष मुरगूडच्या पडवीत झाली, दुसरी तुम्ही वाचताय ती.

छापायला देण्याआधी मी तो सरांकडे तपासायला पाठवला. उजवा कोपरा मोकळा ठेवला आणि बरोबर एक लाल पेन पाठवलं. पंधरा दिवस काही आलं नाही. मला वाटलं, फाडला असणार. सोळाव्या दिवशी पोस्टानं परत आला. पानन् पान वाचलेलं. एका ठिकाणी मी त्यांच्या शाळेचं गाव चुकवलं होतं, ते सुधारलेलं. इनामदारांच्या परिच्छेदाला हात लावलेला नव्हता. शेवटी मी लिहिलं होतं, 'निघताना सर मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले आणि हसले.' त्यातले 'आणि हसले' हे दोन शब्द लाल शाईनं खोडलेले होते. बाजूला त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'साक्ष नाही'.

खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं आहेत. स्टँडपर्यंत आले, एवढं त्यांनी राहू दिलं.